लॅपटॉपमधील सॉलिड स्टेट ड्राइव्हचे तापमान-नियंत्रण : कारणे, परिणाम व उपाय

सारांश : महाविद्यालयीन अध्यापन, संशोधन व प्रशासन यांत लॅपटॉप हे अपरिहार्य साधन ठरले आहे. त्यातील सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी, तापल्यावर कामाचा वेग घटतो, हे अनेकांच्या अनुभवास येते. तथापि बंद अवस्थेत उष्ण जागी दीर्घकाळ पडून राहिलेल्या ड्राइव्हमधील माहितीला अधिक गंभीर धोका असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांची कारणमीमांसा करून सुलभ उपायांची मांडणी केली आहे.

बीजशब्द : एसएसडी, नियंत्रक, तापमान, उष्णतारोध, माहितीची धारणक्षमता

प्रस्तावना :
पुणे–बंगळूर महामार्गावरील कापूरहोळ येथून एक रस्ता भोरकडे, तर दुसरा नारायणपूरमार्गे सासवडकडे जातो. अशा ठिकाणांहून रोज ये-जा करणाऱ्या अध्यापकांचा लॅपटॉप कधी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत, कधी वातानुकूलन नसलेल्या वर्गात, तर कधी दप्तरात चालू अवस्थेतच प्रवास करतो. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. एप्रिल २०१९ मध्ये पुण्यात ४३ अंशांची नोंद झाली होती. मोठ्या संगणकांसाठी खास शीतकरणाची सोय असते. पुण्यातील आयसर संस्थेत २०१९ साली कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रवाच्या साह्याने उष्णता वाहून नेली जाते. लॅपटॉपला मात्र भोवतालच्या हवेवरच विसंबावे लागते. म्हणूनच त्याच्या तापमानाचा विचार वापरकर्त्याने स्वतः करणे आवश्यक ठरते.

एसएसडीची रचना व उष्णतेची निर्मिती :
जुन्या हार्ड डिस्कप्रमाणे एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. नँड फ्लॅश प्रकारच्या चिपमधील सूक्ष्म घरांत विद्युतभार साठवून माहिती जतन केली जाते. या स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला व १९८७ मध्ये ती प्रथम जगापुढे मांडली गेली. ड्राइव्हमधील दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे नियंत्रक. माहिती कोणत्या घरात ठेवायची, चुका कशा दुरुस्त करायच्या, सर्व घरांची झीज समान कशी राखायची, ही कामे तो करतो. ड्राइव्हमधील सर्वाधिक उष्णता सामान्यतः याच चिपमध्ये निर्माण होते.

पूर्वीच्या साटा जोडणीचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइटपुरता मर्यादित होता. एनव्हीएमई पद्धतीची पहिली आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर वेग कित्येक पटींनी वाढला, परंतु ड्राइव्हचा आकार मात्र घटला. आज लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारी पट्टी २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते. दीर्घकाळ लेखन चालू असता तिच्यात पाच ते आठ वॅट शक्ती खर्च होऊ शकते. एवढ्या लहान पृष्ठभागावरून, तेही बंदिस्त जागेत, ही उष्णता बाहेर पडणे सोपे नसते.

यामागील गणित सोपे आहे. ड्राइव्हचे तापमान म्हणजे तिच्या भोवतालच्या हवेचे तापमान अधिक शक्ती व उष्णतारोध यांचा गुणाकार. उदाहरणादाखल, शक्ती ५ वॅट व उष्णतारोध प्रतिवॅट ८ अंश मानल्यास तापमानवाढ ४० अंशांची होते. भोवतालची हवा ३० अंशांवर असेल तर ड्राइव्ह ७० अंशांवर, आणि हवा ४० अंशांवर असेल तर ८० अंशांवर जाईल. लॅपटॉपच्या आतील हवा खोलीतील हवेहून अधिक उष्ण असते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. त्यामुळे हिवाळ्यात निर्वेध चालणारा तोच लॅपटॉप मे महिन्यात अडखळू लागतो.

तापमानवाढीचे परिणाम :
१) वेगातील घट : बहुतेक घरगुती वापराच्या ड्राइव्हसाठी ० ते ७० अंश ही कार्यमर्यादा दिलेली असते. ठरावीक उंबरठा ओलांडताच नियंत्रक स्वतःहून वेग कमी करतो. हा उंबरठा उत्पादनानुसार बदलतो, पण तो साधारणतः ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान असतो. खंबाटकी घाट चढताना मालवाहू ट्रक खालच्या गिअरमध्ये येतो, त्याच स्वरूपाची ही सोय आहे. ती बिघाडाची खूण नसून संरक्षणाची योजना आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ व फेसबुक यांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तापमानाबरोबर बिघाडांचे प्रमाण वाढते असे आढळले. परंतु वेग कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे हा दुष्परिणाम बराच घटतो असेही दिसून आले.

२) माहितीचा ऱ्हास : सूक्ष्म घरांतील विद्युतभार काळानुसार हळूहळू गळतो आणि उष्णतेने ही गळती वाढते. ‘जेडेक’ या मानक-संस्थेच्या निकषानुसार, लेखनक्षमता पूर्ण संपलेल्या सामान्य वापराच्या ड्राइव्हने वीजपुरवठ्याविना ३० अंशांवर एक वर्ष माहिती टिकवून धरणे अपेक्षित आहे. व्यावसायिक ड्राइव्हसाठी हा काळ ४० अंशांवर तीन महिने आहे. सक्रियण ऊर्जा १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरून आऱ्हेनियसच्या सूत्राने हिशोब केल्यास ३० वरून ४० अंशांवर जाताच धारणकाळ जवळपास एकचतुर्थांश होतो. ५५ अंशांवर काढलेला एक आठवडा तर ३० अंशांवरील सुमारे २५ आठवड्यांइतका ठरतो. नव्या, कमी वापरलेल्या ड्राइव्हचा धारणकाळ पुष्कळ अधिक असतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु वर्षानुवर्षे वापरलेली ड्राइव्ह प्रबंधाची एकमेव प्रत घेऊन उन्हाळी सुट्टीत पत्र्याच्या छताखालील कपाटात पडून राहिली, तर धोका संभवतो. अशी माहिती परत मिळविणे हार्ड डिस्कच्या तुलनेत अवघड असते, कारण ती अनेक चिपमध्ये विखुरलेली आणि बहुधा सांकेतिक स्वरूपात असते.

तापमानाचे मोजमाप :
उपायांपूर्वी मोजमाप करणे श्रेयस्कर. विंडोज ११ मध्ये स्टोरेजच्या प्रगत सेटिंगमध्ये एनव्हीएमई ड्राइव्हचे तापमान पाहता येते. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स या विनामूल्य प्रणालींद्वारेही ही माहिती मिळते. एनव्हीएमई ड्राइव्ह इशाऱ्याच्या मर्यादेपलीकडे एकूण किती मिनिटे राहिली, याची नोंद स्वतःच ठेवते. हा आकडा शून्य किंवा नगण्य असल्यास कोणत्याही खर्चिक उपायाची गरज नाही. तो आठवड्यागणिक वाढत असल्यास मात्र उपाय योजावेत.

उपाययोजना :
१) लॅपटॉप गादी, उशी वा मांडीवर न ठेवता सपाट, कठीण पृष्ठभागावर ठेवावा. मागील बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलल्यास खालील झरोक्यांतून हवा मोकळी खेळते.
२) महामार्गालगतच्या गावांत धूळ अधिक असते. पंखा व झरोके वर्षातून किमान एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावेत.
३) दप्तरात ठेवण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा. केवळ झाकण मिटल्याने यंत्र झोपी गेलेच असे नाही.
४) शेकडो गिगाबाइट माहितीची नक्कल करावयाची असल्यास ते काम सकाळी किंवा रात्री करावे. ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नये. मोकळी जागा कमी झाली की नियंत्रकाला माहितीची हलवाहलव अधिक करावी लागते व उष्णता वाढते.
५) एवढ्याने भागत नसेल तर ड्राइव्ह व धातूचे आवरण यांमध्ये उष्णतावाहक पॅड बसविता येतो. त्याची जाडी उपलब्ध फटीनुसारच निवडावी. अधिक जाड पॅडने पट्टी वाकण्याचा धोका असतो. उंच पंख्यांचे उष्णताशोषक टेबलावरील संगणकांसाठी असतात, ते लॅपटॉपमध्ये मावत नाहीत. ड्राइव्हवरील लेबल काढू नये; काही लेबलांत उष्णता पसरविणारा तांब्याचा थर असतो, शिवाय हमी रद्द होण्याची शक्यता असते.
६) तापलेला लॅपटॉप शीतकपाटात ठेवणे सर्वथा टाळावे. बाहेर काढताच दमट हवेतील बाष्प आतील भागांवर साचून हानी होऊ शकते. भोरच्या पश्चिम भागातील पावसाळी हवेत हा धोका अधिकच.
७) लॅपटॉप वा सुटी ड्राइव्ह बंद गाडीत ठेवू नये. सुट्टीच्या काळात ती सावलीच्या, थंड खोलीत ठेवावी आणि अधूनमधून वीज देऊन त्यातील फाइली तपासाव्यात.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, चालू अवस्थेत एसएसडी आपले रक्षण बहुतांशी स्वतः करते. वेगातील घट ही गैरसोय असली तरी ती आपत्ती नव्हे. बंद अवस्थेत मात्र तापमान मोजणारा वा उष्णता रोखणारा नियंत्रक निद्रिस्त असतो, म्हणून त्या काळातील जबाबदारी पूर्णपणे वापरकर्त्याची असते. हवा खेळती ठेवणे, धूळ काढणे व सावलीत साठवण करणे हे जवळजवळ बिनखर्ची उपाय सर्वप्रथम योजावेत. सुटे भाग खरेदी करण्याचा विचार त्यानंतर करावा. कोणताही शीतकरणाचा उपाय दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. गुणपत्रके, मूल्यांकन अहवाल व संशोधनसामग्री यांची किमान एक प्रत वेगळ्या साधनावर व वेगळ्या ठिकाणी ठेवणे, हा प्रत्येक विभागाच्या कामकाजाचा नियमित भाग व्हावयास हवा.