एकच ड्रायव्हर, अनेक डीएमए कंट्रोलर : जुळवणी कशी होते?

संगणकातील किंवा मोबाइलमधील एखादे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. एका चिपवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेला ड्रायव्हर दुसऱ्या चिपवर नेला, की कधी कधी विचित्र अनुभव येतो. उपकरण तेच असते, पण आलेल्या माहितीतील काही बाइट अधूनमधून गहाळ होतात. अशा वेळी उपकरणाइतकेच त्याच्या शेजारच्या डीएमए कंट्रोलरकडेही पाहावे लागते.

डीएमए कशासाठी?

डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरण व मेमरी यांच्यात होणारी माहितीची थेट ने-आण. ब्लूटूथ चिपला जोडलेला सिरियल पोर्ट ३० लाख बॉड वेगाने चालत असेल, तर एका बाइटमागे १० बिट या हिशेबाने सेकंदाला ३ लाख बाइट येतात. पोर्टमधील १६ बाइटांची रांग सुमारे ५३ मायक्रोसेकंदांत भरते. प्रत्येक वेळी प्रोसेसरनेच धावून ती रिकामी करायची म्हटले, तर त्याला इतर कामास उसंत मिळणार नाही. हे काम डीएमए कंट्रोलर अंगावर घेतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये यासाठी इंटेलची ८२३७ ही चिप होती. तिला चार चॅनल होते आणि एका खेपेस ६४ केबीची सीमा ओलांडता येत नसे. सर्वत्र हीच व्यवस्था असल्याने ड्रायव्हर थेट तिच्या रजिस्टरमध्ये आकडे लिहीत. पुढे एकाच चिपमध्ये संपूर्ण संगणक सामावू लागला आणि हे चित्र पालटले. आर्म कंपनीच्या पीएल०११ या सिरियल पोर्टचा आराखडा अनेक चिपनिर्मात्यांनी घेतला, परंतु त्याच्या शेजारी कोणी पीएल०८० हा डीएमए कंट्रोलर बसवला, कोणी पीएल३३०, तर कोणी स्वतःचा. पीएल०८० मेमरीतील कामांची यादी वाचत पुढे जातो. पीएल३३० स्वतःच्या आज्ञावलीतील छोटे प्रोग्रॅम चालवतो. सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरने या सगळ्यांचे बारकावे सांभाळायचे ठरवले, तर प्रत्येक नव्या चिपगणिक त्यात दुरुस्ती करावी लागेल.

मधला करार

लिनक्समध्ये २००६ साली आलेल्या ‘डीएमए-इंजिन’ या व्यवस्थेचा पुढे विस्तार होऊन यावर तोडगा निघाला. उपकरणाचा ड्रायव्हर केवळ आपली गरज सांगतो : ‘आवक’ आणि ‘जावक’ यांसाठी एकेक चॅनल हवा, माहिती अमुक पत्त्यावरून घ्यावी, एका वेळी एक बाइट उचलावा, एका दमात इतके बाइट न्यावेत. कोणता चॅनल कोणत्या कंट्रोलरकडून मिळेल, याची नोंद बोर्डाचे वर्णन करणाऱ्या ‘डिव्हाइस ट्री’ या फाइलमध्ये असते. ती गरज प्रत्यक्ष रजिस्टरच्या भाषेत उतरवणे ही कंट्रोलरच्या ड्रायव्हरची जबाबदारी.

सुरुवातीलाच एक चूक टाळावी लागते. कंट्रोलरचा ड्रायव्हर अद्याप सुरू झालेला नसेल, तर ‘नंतर पुन्हा विचारा’ असे उत्तर येते. त्याचा अर्थ ‘डीएमए नाही’ असा घेतल्यास उपकरण कायम संथ मार्गाने चालत राहते आणि कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उरले किती?

खरी कसोटी आवक माहितीच्या वेळी लागते. ड्रायव्हरने ४,०९६ बाइटांची जागा दिली आणि समोरचा दहाच बाइट पाठवून थांबला, तर दहाच आले हे कळणार कसे? त्यासाठी कंट्रोलरला ‘उरले किती’ असे विचारावे लागते. काही कंट्रोलर नेमका हिशेब देतात. काही मात्र दिलेले काम पूर्ण झाले की नाही, एवढेच सांगू शकतात. दुसऱ्या प्रकारात किती बाइट आले हे ठरवता येत नाही आणि आलेली माहितीही हातची जाते. म्हणून लिनक्समधील पीएल०११ चा ड्रायव्हर कंट्रोलरची क्षमता आधी विचारतो. बारीक हिशेब मिळणार नसेल, तर आवकेसाठी डीएमए न वापरता प्रोसेसरकडूनच काम करून घेतो. वेग घटतो, पण माहिती शाबूत राहते.

दुसरा धोका मेमरीचा. प्रोसेसरच्या कॅशेमध्ये जुनी प्रत राहू शकते. ३२ बिटी कंट्रोलरचा हात ४ जीबीपलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे बफरची जागा डीएमएसाठी तयार करून घ्यावी लागते. ती पोर्टच्या नव्हे, तर कंट्रोलरच्या नावे करायची असते, कारण मेमरीला प्रत्यक्ष हात लावणारा तोच असतो. दोघांच्या मर्यादा सारख्या असलेल्या चिपवर ही चूक लपून राहते आणि मर्यादा वेगळ्या असलेल्या चिपवर उघडी पडते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याने म्हणूनच एक साधी परीक्षा घ्यावी. उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये एखाद्या विशिष्ट कंट्रोलरचे नाव वा रजिस्टर आढळले, तर मधला करार तिथे मोडला आहे असे समजावे. शिवाय डीएमए मुद्दाम बंद ठेवूनही ड्रायव्हर चालवून पाहावा. नव्या चिपवर हवा तसा चॅनल मिळाला नाही, तर उपकरणाची सारी भिस्त त्याच मार्गावर असते.