वृक्षच्छायेंतील वसति : सुख किती, सुरक्षितता किती ?

घर शोधावयास निघालेल्या गृहस्थाला झाडांच्या सांवलीइतकी भुरळ दुसरी कोणतीहि गोष्ट घालीत नाहीं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वृक्षांची कमान, फाटकावर मधुमालतीचा वेल, पहांटे पांखरांचा किलबिलाट, एवढें दिसलें कीं, ही जागा राहण्यास उत्तम, असा निकाल मन देऊन टाकतें. मग विचार उरतो तो केवळ किंमतीचा. परंतु घर हें बहुधा आयुष्यांत एकदांच घेतलें जातें आणि जन्मभराची मिळकत त्यांत गुंतते. म्हणून हिरवेपणा हा वसतीच्या अनेक गुणांपैकीं एक गुण समजून बाकीचे गुणदोष निराळ्या मापांनीं मोजले पाहिजेत. हीं मापें कोणतीं, हें प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणें सोयीचें. पुण्याचा डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, लॉ कॉलेज रस्ता आणि त्यांना लागून असलेला एरंडवणें हा भाग या कामीं फार उपयोगी आहे.

ही वसति कशी वाढली हें आधीं पाहूं जातां असें दिसतें कीं, तिच्या मुळाशीं विद्या आणि आरोग्य या दोहोंची ओढ होती. फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ मध्यें आपल्या सध्यांच्या जागेंत आलें. पाठोपाठ १८९७ च्या प्लेगनें दाट पेठांत हाहाकार उडविला, आणि मोकळी हवा व उजेड यांचें मोल सुशिक्षित कुटुंबांना पटलें. डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था १९०६ सालीं निघाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्यें, विधि महाविद्यालय १९२४ मध्यें आणि गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्यें स्थापन झाली. प्रभात चित्रसंस्था १९३३ मध्यें कोल्हापुराहून येथें आली व तिनें एका रस्त्याला आपलें नांव दिलें. संस्थांभोंवतीं प्राध्यापक, वकील, वैद्य यांचे बंगले उठले, आणि प्रत्येक बंगल्याभोंवतीं आंगण राहिलें. आज जी सांवली दिसते ती बरीचशी त्या पिढ्यांनीं लावलेली व पाणी घालून वाढविलेली आहे. जें माणसानें लावलें तें माणसाच्या दुर्लक्षानें नाहींसेंहि होऊं शकतें, ही गोष्ट पुढील विवेचनांत उपयोगी पडेल.

पहिलें माप हवेचें व सांवलीचें. झाड दोन प्रकारें उष्मा कमी करतें. पर्णसंभार सूर्याचे किरण वरच्यावर अडवितो, त्यामुळें खालचा रस्ता व भिंत तापत नाहींत. आणि पानांतून जें पाणी वाफ होऊन जातें तें जातांना भोंवतालची उष्णता घेऊन जातें. उघड्या डांबरी रस्त्यानें दिवसभर सांठविलेली ऊब रात्रीं बाहेर पडते व झोंप उडविते. झाडीखालच्या रस्त्याला ती सांठवितांच येत नाहीं. शिवाय आंगणांतील उघडी माती पावसाचें पाणी पिते, व विहिरींना तें मिळतें. एप्रिल महिन्यांत दुपारीं चार वाजतां शाळेंतून परतणारें मूल किंवा काठी टेंकीत औषधाच्या दुकानापर्यंत जाणारे आजोबा यांच्या दृष्टीनें हा फरक थोडा नव्हे. या मापांत ही वसति निःसंशय उत्तम ठरते. लॉ कॉलेजची टेंकडी व तिच्या पाठची वेताळ टेंकडी यांचाहि तिला आधार आहे.

दुसरें माप त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूचें आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेंतला. दोघेहि झपाट्यानें वाढतात व विस्तीर्ण सांवली देतात; परंतु गुलमोहराचें लांकूड ठिसूळ व मुळें उथळ असतात, आणि पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्यांना आपला भार वयाबरोबर पेलेनासा होतो. वड किंवा चिंच यांची गोष्ट निराळी. तरीहि झाड पडतें त्यांत दोष बहुधा झाडाचा नसतो. नळ, तारा, मोऱ्या यांच्यासाठीं रस्ता वरचेवर खणला जातो व एका बाजूचीं मुळें तुटतात; पदपथाचें सिमेंट बुंध्याला गळफासासारखें भिडतें; मग जून महिन्यांत माती भिजून सैल झाली आणि वारा सुटला कीं, साठ वर्षांचा वृक्ष उभ्या मोटारीवर किंवा माणसावर कोसळतो. घर पाहण्यास जाणाऱ्यानें म्हणून वर पाहून झाल्यावर खालींहि पाहावें. बुंध्यावर अळंब्या उगवल्या आहेत काय, खोडाला उभी चीर आहे काय, झाड नव्यानें कललें आहे काय, भोंवतालची जमीन एका अंगाला उचलली गेली आहे काय, एवढ्या चार प्रश्नांनीं पुष्कळ उलगडा होतो. झाड धोक्याचें वाटलें तरी तें आपल्या मर्जीनें तोडतां येत नाहीं. महाराष्ट्रांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें खासगी आंगणांतील झाडासहि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळालें आहे. पावसाळ्यापूर्वी जाणत्या माणसाकडून वजन हलकें करून घेणें व बुंध्याभोंवतीं हातभर माती मोकळी ठेवणें, हे उपाय कुऱ्हाडीहून स्वस्त व अधिक गुणकारी आहेत.

तिसरें माप पाण्याचें, आणि तें सर्वांत कठोर आहे. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें अपुरें राहिलेलें मातीचें धरण फुटलें, त्याच दिवशीं खडकवासल्याचें जुनें धरणहि गेलें, आणि मुठेच्या लोंढ्याखालीं लांकडी पूल बुडाला. नदीकांठच्या पेठा व डेक्कन जिमखान्याचा नदीलगतचा भाग पाण्याखालीं गेला. श्रोत्यांपैकीं जे वृद्ध असतील त्यांना तो दिवस आठवत असेल. त्या दिवशीं बंगला आणि झोंपडी, झाडी आणि माळ असा भेद पाण्यानें केला नाहीं. भेद केला तो उंचसखलपणानें. नदीपासून टेंकडीकडे चढत गेलेल्या गल्ल्या सुरक्षित राहिल्या. म्हणून एकाच वसतींतील दोन घरांची सुरक्षितता एकच मानणें चुकीचें आहे.

आतां नदीच्या नकाशावर दोन रेषा आंखलेल्या असतात. निळ्या रेषेपर्यंत सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर पोहोंचतो, तांबड्या रेषेपर्यंत शंभर वर्षांतून एकदां येणारा. ही भाषा फसवी आहे. पंचवीस वर्षांतून एकदां म्हणजे एक पूर येऊन गेला कीं पुढें चोवीस वर्षें निर्धास्त, असा अर्थ पुष्कळजण घेतात. खरा अर्थ असा कीं, प्रत्येक वर्षीं तो पूर येण्याचा संभव पंचवीसांत एक असतो. तीस वर्षें त्या रेषेच्या आंत राहणाऱ्या कुटुंबाचें गणित मांडलें, तर एकदां तरी घरांत पाणी येण्याचा संभव शंभरांत सुमारें सत्तर निघतो. तांबड्या रेषेवरच्या घराला तोच संभव शंभरांत सुमारें सव्वीस येतो. घर विकणारा सांवली दाखवितो. ही रेषा घेणाऱ्यानें स्वतः पाहून घ्यावी लागते.

याच संदर्भांत २५ जुलै २०२४ ची पहांट विसरतां येत नाहीं. मुठेचें पाणी चढत असतां डेक्कन भागांतील पुलाची वाडी येथें हातगाडी हलवितांना विजेच्या धक्क्यानें तिघांचा प्राण गेला. प्रभात रस्त्याच्या वरच्या गल्ल्यांपासून ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वरच्या बंगल्यांतील स्वयंपाक, झाडलोट, बागकाम, इस्त्री हीं कामें जे हात करतात त्यांतले कित्येक अशाच सखल वस्त्यांत राहतात. परिसर सुरक्षित आहे असें म्हणावयाचें असेल, तर तो त्यांतील सर्वांत सखल घरालाहि सुरक्षित असला पाहिजे. आणि धरणांतून पाणी सोडल्याची वर्दी मध्यरात्रीं तेथपर्यंत वेळेवर पोहोंचते किंवा नाहीं, हा प्रश्न उंचावर राहणाऱ्या सुशिक्षितांनींच प्रथम विचारावयास हवा, कारण त्यांचें म्हणणें लौकर ऐकलें जातें.

चौथें माप रस्त्याचें व रात्रीचें. दिवसा प्रिय वाटणारी झाडी रात्रीं दिव्याला झांकते. खांब उंच व दिवा पर्णसंभाराच्या वर असेल, तर पालिकेच्या वहींत दिवा लागलेला असतो आणि पदपथावर अंधार असतो. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनें नगरांविषयींच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, रस्त्याचें रक्षण पहारेकऱ्यापेक्षां तेथें सहज वावरणाऱ्या माणसांच्या नजरेनें अधिक होतें. पेठेंतल्या वाड्याच्या ओट्यावर ही नजर सदैव असे. बंगल्याच्या वसतींत फाटक बंद, खिडक्या झाडाआड, मुलें परदेशीं आणि घरांत दोन वृद्ध माणसें, अशी स्थिति पुष्कळ घरांची आहे. तेथें शांतता आहे, पण संकटांत मारलेली हांक कोणास ऐकूं जाईल याची शाश्वति नाहीं. ही उणीव भरून काढतां येते. शेजाऱ्याकडे एक किल्ली ठेवणें, रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं एकमेकांना दूरध्वनि करणें, दुधवाल्याला व पेपरवाल्याला नांवानें ओळखणें, ११२ हा आंकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवणें, यांना खर्च लागत नाहीं. वाहतुकीच्या बाबतींत मेट्रोची सोय झाली आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून डेक्कन जिमखाना स्थानकहि सुरूं आहे. तथापि मुख्य रस्त्यांची गर्दी टाळणारीं वाहनें आंतल्या गल्ल्यांतून धांवतात, आणि पदपथ अडलेला असला कीं म्हातारा मनुष्य रस्त्यावर उतरतो. सांवली असूनहि चालतां येत नसेल, तर तिचा निम्मा उपयोग फुकट जातो.

शेवटचें माप काळाचें. आज जें दिसतें तें वीस वर्षांनीं राहील काय ? जुने बंगले पाडून तेथें उंच इमारती उठत आहेत. यांत केवळ लोभच आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. वृद्ध मालकाला जिना चढवत नाहीं, छप्पर गळतें, भावंडांत वांटणी करावयाची असते. नव्या इमारतींत उद्वाहक मिळतो, शेजार मिळतो, रस्त्याला माणसांची नजरहि मिळते. परंतु तळघरांत मोटारी ठेवण्यासाठीं सीमेपासून सीमेपर्यंत खड्डा खणला कीं, आंगणाची माती जाते, शेजारच्या झाडाचीं मुळें तुटतात, आणि पूर्वी जमिनींत मुरणारें पाणी रस्त्यावरून उताराकडे, म्हणजे सखल घरांकडे, धांवूं लागतें. कुंड्यांतलीं रोपें हा हिशेब भरून काढीत नाहींत. सीमेलगतची एक पट्टी न खणतां सोडली, जुनें झाड नकाशा काढण्यापूर्वीच नकाशावर मांडलें, आणि गच्चीवरचें पाणी शोषखड्ड्यांत उतरविलें, तर नवी इमारत व जुनी सांवली एकत्र नांदूं शकतात. हा करार सह्या होण्यापूर्वी करावयाचा असतो. पाया खणल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नसतो.

सर्व मापें एकत्र मांडलीं, तर एरंडवण्याच्या उंच भागांतील घर हवा, चालणें व सोयी यांत सरस, रात्रीच्या सोबतींत मध्यम आणि भविष्याच्या खात्रींत अनिश्चित ठरतें. नदीलगतचें घर पाण्याच्या मापांतच उणें पडतें. दुसऱ्या कोणत्याहि नगरांतील झाडीच्या वसतीला हींच मापें लावतां येतील, उत्तरें मात्र प्रत्येक गल्लीचीं वेगळीं येतील. घर घेणाऱ्यानें त्या जागीं निदान चार वेळां जावें : एकदां भर दुपारीं, एकदां रात्रीं दहानंतर, एकदां शाळा सुटण्याच्या वेळीं, आणि एकदां मुसळधार पाऊस कोसळत असतांना. कोपऱ्यावरच्या वाण्याला पाणी कोठवर चढतें तें विचारावें, आणि पूररेषेचा नकाशा पाहिल्यावांचून विसाराचे पैसे देऊं नयेत.