जिजाऊंचे माहेर: कुळाचा माग

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिंदखेडराजा: लखुजी जाधवराव आणि म्हाळसाबाईंच्या कन्या जिजाऊंचे माहेर. हे जाधवराव देवगिरीच्या यादवांचे वंशज मानले जातात. पण यादवांचे राज्य १४व्या शतकाच्या आरंभीच बुडाले आणि लखुजी निजामशाहीत पुढे आले ते १६व्या शतकाच्या अखेरीस. मधल्या अडीचशे वर्षांच्या पिढ्या नुसत्या वंशावळींवर जोडता येत नाहीत. त्या अनेकदा वतनाचा हक्क सांगायला लिहिलेल्या, आणि लेकीसुनांची नावे त्यांत क्वचितच, ही खरी हळहळ. त्यापेक्षा फर्माने, महजर, वतनपत्रे भरवशाची. लखुजींच्या शेवटाबद्दल मात्र संदिग्धता नाही: १६२९मध्ये देवगिरी किल्ल्यावर, निजामशाहाच्या दरबारात, मुलगे-नातवासह त्यांची हत्या झाली. त्यांची भव्य समाधी सिंदखेडराजातच आहे.