आवाज मागच्या बाकापर्यंत!

मैत्रिणींनो, आमच्या मलकापुरात पावसाने पत्रे वाजू लागले, की लॅपटॉपवरची कविता मागच्या बाकावरच्या मुलांना ऐकूच येत नाही. अशा वेळी घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर कामी येतो.

एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी वायर आणा. अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवूनच जोडणी करा. एकेरी पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागी. लाल (उजवी) व पांढरी (डावी) ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी. ‘माइक’ किंवा ‘फोनो’त मात्र घालू नका हं! त्या जागा अगदी क्षीण आवाजासाठी असतात. लॅपटॉपचा आवाज तिथे फाटतो.

लॅपटॉपचा आवाज पाऊणपट ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचा शून्यापासून हळूहळू वाढवा. घूं घूं येऊ लागली, तर चार्जर काढून बघा. बहुधा थांबते!