दिल्लीच्या उन्हात त्वचेचे रक्षण : तापमानापेक्षा सावलीची लांबी अधिक बोलकी

नवी दिल्ली : कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग महाराष्ट्रातील लोकांना परिचित आहे तो प्रामुख्याने नव्या महाराष्ट्र सदनामुळे. शासकीय कामे, स्पर्धा परीक्षांच्या मुलाखती किंवा वैद्यकीय उपचार यांसाठी एप्रिल-मे महिन्यांत येथे उतरणाऱ्यांना दिल्लीचा उन्हाळा वेगळा भासतो. मुंबई-कोकणातील घामट उकाडा येथे नसतो. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि ऊन सोसवते आहे, असा समज होतो. त्वचेच्या बाबतीत हा समज महागात पडू शकतो.

याचे कारण असे की, उन्हाचा चटका आणि उन्हाने त्वचेची होणारी हानी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. चटका प्रामुख्याने अवरक्त किरणांचा असतो. त्वचेला इजा करतात ती अतिनील किरणे, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत वा अंगाला जाणवत नाहीत. त्यांतील सर्वांत घातक ‘सी’ प्रकार ओझोनचा थर शोषून घेतो. ‘बी’ प्रकाराची किरणे त्वचा भाजतात आणि पेशींतील डीएनएला थेट इजा करतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘ए’ प्रकाराची असतात. ती त्वचेत खोलवर शिरतात. त्वचा रापणे, सुरकुत्या व काळे डाग यांना हातभार लावतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. मोटारीत काचा लावून बसलेला प्रवासी म्हणूनच पूर्णतः सुरक्षित नसतो.

दिल्लीत कमाल तापमान बहुधा दुपारी तीनच्या आसपास नोंदवले जाते, तर अतिनील किरणांचा जोर सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक असतो. मे महिन्यात ही वेळ दिल्लीत सुमारे सव्वाबारा, तर मुंबईत साधारण बारा पस्तीसची असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असल्याने हा फरक पडतो. घड्याळापेक्षा सोपा निकष सावलीचा आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांहून वर आहे आणि आडोसा शोधणे इष्ट. मेच्या मध्यास दिल्लीत ही स्थिती सकाळी नऊच्या सुमारास सुरू होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत टिकते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र येथील सूर्य मध्यान्हीदेखील ३८ अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे सावली दिवसभर उंचीहून लांबच असते. हिवाळ्यात हिरवळीवर ऊन खात बसण्याची दिल्लीकरांची सवय या दृष्टीने फारशी जोखमीची नाही.

या किरणांची तीव्रता सांगण्यासाठी जगभर अतिनील निर्देशांक वापरला जातो. तो तीन किंवा अधिक असल्यास संरक्षण घ्यावे, आठपासून पुढे तीव्रता अतिउच्च आणि ११ वा त्याहून अधिक असल्यास ती टोकाची समजावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण आहे. विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे पार होऊ शकतात. दर हजार मीटर उंचीमागे त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ बहुतांश किरणे परतवतो. दिल्लीहून मनाली वा लेहला जाणाऱ्या पर्यटकांचे चेहरे थंडीतही भाजून निघतात ते यामुळेच.

भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने गोऱ्या वंशांच्या तुलनेत उन्हाशी निगडित त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, हे खरे. मात्र आपल्याकडील हानीचे रूप निराळे आहे : गाल, कपाळ व वरच्या ओठावर उमटणारे वांग, मानेचा व हातांचा काळवंडलेला रंग, उन्हाने उठणारी खाज. अल्बिनिझम असलेल्यांना हे नैसर्गिक कवच जवळजवळ नसतेच, आणि कोडाचे पांढरे डागही चटकन भाजतात. डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखी औषधे घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होऊ शकते.

खरा अनर्थ अनेकदा उन्हापेक्षा त्यावरील घरगुती उपायांतून होतो. वांग घालवण्यासाठी औषधांच्या दुकानातून सहज आणलेल्या ‘गोरेपणाच्या’ मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. आरंभी डाग फिकट होतात. काही महिन्यांत त्वचा पातळ पडते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे व लव येते आणि उन्हात चेहऱ्याची आग होते. मलम थांबवले की लाली उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे ‘शेड्यूल एच’ खाली आणून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करण्यास मज्जाव केला. तरीही शेजारणीने सुचवलेली ट्यूब घराघरांत फिरतच असते.

सनस्क्रीनच्या वेष्टनावरील एसपीएफचा आकडा मुख्यत्वे ‘बी’ किरणांपुरता असतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के, तर एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के किरणे अडवते. म्हणजे महागड्या आकड्यांमागे धावण्यात फारसा लाभ नाही. ‘ए’ किरणांसाठी ‘पीए’ पुढील अधिक चिन्हे किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हा उल्लेख पाहावा. ही चाचणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या जाड थरावर होते आणि बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन, बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे, आणि घाम येत असल्यास दर दोन तासांनी पुन्हा, हे प्रमाण व्यवहार्य ठरते. सहा महिन्यांखालील बाळांना ते न लावता सावलीत ठेवणे योग्य.

दिवसभर चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, सामान पोहोचवणारा दुचाकीस्वार किंवा रस्त्याकडेचा फेरीवाला यांना दर दोन तासांनी सनस्क्रीन लावण्याचा सल्ला देणे मात्र वास्तवाला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२३ मधील अंदाजानुसार, जगात सुमारे १६० कोटी लोक कामाच्या ठिकाणी सूर्याच्या अतिनील किरणांना सामोरे जातात. त्यांच्यासाठी कापड हाच भरवशाचा उपाय आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे व पूर्ण बाह्यांचे कापड पातळ पांढऱ्या सुताहून अधिक किरणे अडवते. ओले झालेले सुती कापड मात्र कमी. पुण्यातील दुचाकीस्वार तरुणींच्या स्कार्फची कितीही थट्टा झाली, तरी त्वचेच्या दृष्टीने ती सवय शहाणपणाची आहे. गांधी टोपी टक्कल झाकते, कान व मानेचा मागील भाग उघडेच ठेवते. त्याला उपरण्याची वा गमछाची जोड हवी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीसाठी उभारलेली आणि पुढे पुणे, मुंबई व अहमदाबादपर्यंत विस्तारलेली ‘सफर’ प्रणाली हवेच्या गुणवत्तेसोबत अतिनील निर्देशांकाचीही दखल घेते. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर महिन्याभरात न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ अथवा वारंवार खपली धरणारा चट्टा आढळल्यास मलम न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.