करुणा

दुसऱ्याचे दुःख जाणून त्याच्या निवारणास प्रवृत्त करणारी भावना. समानुभूतीत परदुःखाची जाणीव होते. करुणेत साहाय्याची प्रेरणाही असते. केवळ समानुभूतीने मन व्याकूळ होऊन माणूस दुःखितास टाळूही शकतो. कुष्ठरोगाबाबत यात भीती व किळस यांची भर पडते. वर्धा जिल्ह्यात नित्य सेवेतून या वृत्तीवर मात करण्याचे प्रयत्न झाले. विनोबा भावे यांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे केंद्र स्थापिले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधी कुष्ठपीडित संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची स्वहस्ते शुश्रूषा करीत. दत्तपूरला उपचारांबरोबरच शेती व सूतकताई यांनाही स्थान मिळाले. दान घेणारा परावलंबी राहतो. श्रमाने रुग्णास आत्मसन्मान परत मिळतो. साहाय्याची खरी कसोटी हीच होय.