उत्पादकता सल्लागार, पुरवठादाराचे

उत्पादकता सल्लागार, पुरवठादाराचे : यंत्रे, संगणक, रसायने इ. विकणारी संस्था आपल्या ग्राहकाचे उत्पादन वाढावे वा खर्च घटावा म्हणून मालाबरोबर जे तज्ञ पुरविते, ते पुरवठादाराचे उत्पादकता सल्लागार होत. त्यांचे वेतन पुरवठादार देतो. काम मात्र ते ग्राहकाच्या कारखान्यात करतात. या व्यवस्थेचे गुण व दोष दोन्ही त्यातूनच उद्‌भवतात.

संगणक-व्यवसायात ही प्रथा विशेष रूढ होती. अमेरिकेतील आयबीएम कंपनी यंत्राच्या भाड्यातच आपल्या प्रणाली-अभियंत्यांची सेवा अंतर्भूत करीत असे. जून १९६९ मध्ये तिने या सेवेची स्वतंत्र आकारणी जाहीर केली, तेव्हा विनामूल्य भासणाऱ्या सल्ल्याची किंमत भाड्यात दडलेली होती, हे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात हा प्रश्न साखर कारखान्यांच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा ठरतो. गडहिंग्लज तालुक्यात (जि. कोल्हापूर) हरळी येथे सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्यात यंत्रांवर होणारा खर्च अखेरीस ऊस-उत्पादक सभासदांवरच पडतो. पुरवठादाराच्या सल्लागाराने अनेक कारखान्यांतील बिघाड पाहिलेले असतात. नवी यंत्रे सुरू करणे व कामगारांना शिकविणे यांत त्याची बरोबरी क्वचितच कोणी करू शकेल. मात्र जुनेच यंत्र नीट चालविल्यास भागेल, असा सल्ला त्याच्याकडून सहसा मिळत नाही.

त्याच्या कामाचे मोजमाप हीच खरी अडचण होय. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर उतारा राज्यात उच्च मानला जातो, पण त्याचे मोठे श्रेय जमीन, हवामान व उसाची जात यांना आहे. शिवाय हंगामाच्या प्रारंभीचा उतारा ऐन थंडीतील उताऱ्याहून कमीच असतो. त्यामुळे यंत्र बसविल्यावर उतारा वाढला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. उसातून आत आलेली साखर आणि बगॅस, मळी व प्रेसमड यांतून गेलेली साखर यांचा ताळेबंद यंत्र बसविण्यापूर्वी व नंतर कारखान्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेने मांडावा लागतो. वाफेच्या बचतीचेही तसेच आहे. रोज २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात १०० टन उसामागे लागणारी वाफ ५० टनांवरून ४५ टनांवर आली, तर रोज १२५ टन वाफ, म्हणजे स्थूलमानाने ५५ ते ६० टन बगॅस वाचते. परंतु त्याला गिऱ्हाईक नसेल व सहवीजनिर्मितीही नसेल, तर ही बचत ढिगाच्या रूपाने आवारात पडून राहते.

पुरवठादाराखेरीज अन्य ठिकाणाहूनही सल्ला उपलब्ध आहे. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ मध्ये स्थापन झाली. पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था (स्थापना १९७५) सहकारी साखर उद्योगाच्या पुढाकाराने उभी राहिली. यंत्रविक्री हा तिचा व्यवसाय नाही. पुरवठादाराचे हमीपत्र व चाचणीच्या अटी करारापूर्वी अशा संस्थेकडून तपासून घेता येतात. यंत्रसामग्री बसल्यानंतर मागविलेला तज्ञ बहुधा वाद मिटविण्यापुरताच उपयोगी पडतो.